लाख वर्षांनंतरच्या माणसाचा हात

आमच्या कारखान्यात देव आणि माकडं एकाच फळीवर वाळायची. कारखाना म्हटलं की लोकांना धुराडं आणि भोंगा आठवतो, म्हणून आधीच सांगते, आमचा कारखाना गणपतीचा. मार्केट यार्डाच्या मागच्या अंगाला एक लांबलचक पत्र्याची शेड, तिच्यात शाडूचे ढिगारे, प्लॅस्टरची पोती, काथ्याची भेंडोळी, भिंतीला टेकवलेले साचे, आणि शेडला चिकटून आमच्या दोन खोल्या. गणपती उठले की फळ्या रिकाम्या व्हायच्या, पण पोट काही सुट्टी घेत नाही. म्हणून बाबांनी शाळांच्या प्रयोगशाळांसाठी प्रतिकृती करायचं काम धरलं होतं. उभा कापलेला कान, हृदयाचे कप्पे, दाढेचा छेद, आणि सगळ्यात खपाचा म्हणजे उत्क्रांतीचा संच: मासा, बेडूक, सरडा, माकड, पोक काढून चालणारा केसाळ आदिमानव आणि शेवटी ताठ उभा राहिलेला, बराचसा बाबांसारखा दिसणारा माणूस. बाबांसारखा, कारण बाबांनी आरसा समोर ठेवूनच तो घडवला होता. त्यामुळे कितीतरी शाळांच्या कपाटांत माणूसजातीचं शिखर म्हणून आमचे बाबा उभे होते. आई म्हणायची, "शिखर म्हणे! घरात साधा खिळा ठोकून देतील तर शपथ."

पहाटेपासून यार्डाचे आवाज सुरू व्हायचे. ट्रक मागे घेताना क्लीनरची "येऊ दे, येऊ दे, बास" अशी आरोळी, हमालांच्या पाठीवरून पोतं पडल्याचा धप्प आवाज, मधूनच अडत्यांची भांडणं. कधी ओल्या कांद्याचा वास, कधी गुळाचा. मिरचीच्या गाड्या आल्या की आमच्या शेडमध्ये शिंकांची साथ यायची आणि गणपतीच्या डोळ्याशी ब्रश धरलेले आजोबा हात वर करून ताटकळत बसायचे. आजोबांना सगळं यार्ड तात्या म्हणायचं, म्हणून आम्हीही तात्याच म्हणायचो. डोळ्यांची आखणी फक्त तात्यांची. मूर्ती रंगून झाली, दागिने झाले, की अगदी शेवटी डोळे. तात्या अंघोळ करून धुतलेलं धोतर नेसून बसायचे. रेडिओ बंद, बोलणं बंद. आखणी होईपर्यंत ती नुसती माती; तिला उलटी करा, तासा, सोंड तोडून परत बसवा, कुणाचं काही म्हणणं नाही. एकदा डोळे उघडले की संपलं. मग मूर्तीला हत्यार लावायचं नाही. कुठे टवका राहिला, कुठे मुकुट वाकडा झाला, तरी मूर्ती तशीच जायची. दुसरा कायदा खंडित मूर्तीचा. बोटाचं टोक उडालेला गणपती कितीही देखणा असो, गिऱ्हाइकाला द्यायचा नाही. हे कायदे आम्हाला कुणी शिकवल्याचं आठवत नाही. जेवताना उजवा हात वापरायचा हे जसं कळतं तसं ते कळलं.

आता बोटाचं सांगते. मी जन्मले तीच उजव्या हाताला सहा बोटं घेऊन. करंगळीच्या शेजारी आणखी एक बोट, तिच्याहून जरासं लहान, पण पेरं, नख, सुरकुत्या सगळं जिथल्या तिथे, आणि हवं तसं वळणारं. हल्ली पोट दिसायच्या आत डॉक्टर पडद्यावर बाळाची बोटं मोजून दाखवतात, आणि नको असेल ते आतल्या आत बदलून देण्याच्या गोष्टीही आता कुणाला नवलाच्या वाटत नाहीत. आमच्या वेळी सुईणीने मोजली आणि "अगबाई!" म्हणाली, एवढंच. शाळेत मला 'सिक्सर' म्हणायचे. कॉम्प्युटरच्या क्लासला घातलं, कारण तेव्हा पुण्यात ज्याला त्याला कॉम्प्युटर शिकायचा होता, तर तिथले सर कीबोर्डवर कुठलं बोट कुठे ठेवायचं ते दाखवताना माझ्यापाशी येऊन अडखळले. "तुझ्या त्या एक्स्ट्रा बोटाला आपण एंटर देऊ," म्हणाले. सगळा वर्ग हसला. मीही हसले, घरी येऊन रडले. पण मातीत हात घातला की हेच बोट राजा. गणपतीच्या कानामागची खाच, सोंडेच्या वळशाच्या आतली बाजू, जिथे कोरणी पोचत नाही तिथे ते आपोआप पोचायचं. तात्या त्याला 'वैजूची कोरणी' म्हणायचे. मला ते बोट हवंही होतं आणि नकोही होतं, आणि दोन्ही अगदी मनापासून.

आईला मात्र ते नकोच होतं. कुसुममावशीला, म्हणजे आईच्या धाकट्या बहिणीला, कोड होतं. ती लग्नावाचून माहेरी राहिली, आणि लोकांच्या नजरा टाळत खिडकीतून मागे कशी सरकायची ते आईने लहानपणापासून पाहिलेलं. लग्नकार्यात आई माझा उजवा हात आपल्या पदराखाली धरून बसायची. लोकांना वाटायचं केवढी माया! माया होतीच, पण पदर त्यासाठी नव्हता. मी चौदा वर्षांची झाले आणि तिने हाताच्या एका डॉक्टरांना गाठलं. ते म्हणाले, सोपं आहे, हाड घट्ट होण्याआधी काढलेलं बरं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीचा मुहूर्त ठरला. मुहूर्तच म्हणायचं, कारण आईने पंचांग बघितलं होतं.  तात्या एवढंच म्हणाले, "ज्या घरात रोज चार हातांचा देव घडतो, त्या घरात पोरीला एक बोट जड झालं." आई म्हणाली, "देवाचं लग्न जमवायचं नसतं मला." आणि ती जाऊन कणीक मळायला लागली.

त्या वर्षी अनंतचतुर्दशीनंतर दामले साहेब आले. चाळिशीचा माणूस, अमेरिकेत पुष्कळ वर्षं काढून परतलेला, नगर रस्त्याला त्यांच्या सॉफ्टवेअरच्या कंपनीची काचेची मोठी इमारत उभी राहत होती. त्यांच्या भाच्याच्या शाळेत त्यांनी आमचा उत्क्रांतीचा संच पाहिला होता. शेडमध्ये शिरले, फळीवरचा बाबांसारखा माणूस पाहिला, मग बाबांना पाहिलं आणि खो खो हसले. आईने चहा दिला तो बशीत ओतून प्यायले, त्यामुळे आईच्या मनात लगेच भरले. म्हणाले, "मला याच्या पुढचा माणूस हवाय."

"पुढचा म्हणजे?" बाबांनी विचारलं.

"आजपासून लाख वर्षांनंतरचा. आमच्या रिसेप्शनमध्ये उभा करायचाय, दसऱ्याला उद्घाटन आहे. सगळे लोक पाच वर्षांनंतरचं बोलतात हो. मला वाटतं, दारातून आत येणाऱ्याने जरा लांबचं बघावं."

त्यांनी एक चित्र आणलं होतं. मी ते बाबांच्या खांद्यावरून पाहिलं. राक्षस असेल, नाहीतर पेटीएवढ्या डोक्याचा कुणीतरी, असं मला वाटलं होतं. हा तर पोरगेलासा होता. माझ्या उंचीचा, बारीक अंगाचा, मोठ्या डोळ्यांचा, इवल्याशा जबड्याचा. बाई की पुरुष, कळत नव्हतं. दामले साहेब समजावून सांगायला लागले, आणि त्यांना समजावून सांगायची हौस होती. म्हणाले, माकडाचं पिल्लू बघा, चपटं तोंड, गोल डोकं, माणसासारखं दिसतं. मोठं झालं की रानटी होतं. आपण माणसं म्हणजे कधी पुरते मोठेच न झालेले प्राणी. पुढचा माणूस आणखी लहान मुलासारखा होईल. मरेपर्यंत शिकणारा, मरेपर्यंत खेळणारा. जबडा लहान, अक्कलदाढ गेलेली.

"मग भाकरी कशी खाणार तो?" आईने दारातून विचारलं.

"वहिनी, मऊ काहीतरी खाईल."

"म्हणजे पेजेवर दिवस काढणार. लाख वर्षं शिकून हेच का!" असं म्हणून आई आत गेली, पण कान इकडेच ठेवून.

मग त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. मी हात ओढणीत घेतलेला होता, त्यामुळे त्यांना बोट दिसलं नाही. ते मला फळीपाशी घेऊन गेले आणि माशाच्या परावर बोट ठेवून म्हणाले, "ह्या पराच्या आत हाडं होती बरं का. तीच तुझ्या दंडात आहेत, मनगटात आहेत. वटवाघळाचा पंख, घोड्याचा पाय, देवमाशाचं वल्हं, सगळे एकाच हाताचे प्रकार. कुणी हात धरायला वापरला, कुणी उडायला, कुणी पळायला. हात तोच, निसर्ग नुसता मळत बसलाय." आणि हसून म्हणाले, "तुमच्यासारखाच. फक्त त्याचे गणपती कधी उठत नाहीत."

ते गेल्यावर मी कितीतरी वेळ त्या फळीसमोर उभी राहिले. तो संच मी शेकडो वेळा पुसला होता, माशाच्या खवल्यांतली धूळ फुंकून काढली होती. पण बाबांच्या पुतळ्याच्या पुढे फळीवर वीतभर मोकळी जागा होती, ती मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसली.  इतकं मोठं काहीतरी चालू आहे आणि त्यात मी, आई, यार्डातले हमाल, मिरचीने शिंकणारे तात्या असे सगळेच मधल्या एका पायरीवर उभे आहोत, हे एकदम अंगावर आलं. आपण पूर्ण झालोय असं मला वाटत होतं. आपण तर अजून ओलेच होतो. मी माशाकडे बघितलं आणि खरं सांगते, मला त्याला नमस्कार करावासा वाटला. केला नाही, कारण आई बघत होती.

पितृपंधरवडा सुरू झाला. आमच्याकडे त्या दिवसांत नवं काम हातात घेत नाहीत, पण दसरा तर डोक्यावर आलेला. बाबा तात्यांना विचारायला घाबरत होते. तात्यांनीच विषय काढला. भाद्रपदातल्या तिथीला पान वाढलं होतं, भरडाचे वडे, तांदळाची खीर, आमसुलाची चटणी, आणि कावळ्याची वाट बघत आम्ही सगळे भुकेले पत्र्याखाली उभे होतो. यार्डातले कावळे धान्य खाऊन इतके माजलेले असायचे की श्राद्धाच्या वड्याला ते भाव द्यायचे नाहीत. तात्या वर बघत म्हणाले, "लाख वर्षांनी आपल्याला पान कोण वाढणार?"

आम्ही सगळे कावळ्यांवरची नजर काढून त्यांच्याकडे बघायला लागलो.

"तोच की. तुमच्या चित्रातला. आपण त्याचे पितर. मग त्याचं काम पितृपंधरवड्यात नाही करायचं, तर केव्हा करायचं? घ्या करायला."

मी त्या वाक्याने पुन्हा हादरले. आजही श्राद्धाचं पान दिसलं की मला ते आठवतं. इतकी माणसं होऊन गेलेली, तीही लाख वर्षांनी एका अनोळखी पोराच्या हातातल्या घासाची वाट बघणार, आणि त्या माणसांत मी. कावळा अखेर आला, वडा घेतला, आणि आम्ही जेवायला बसलो.

काम सुरू झालं. आत लोखंडी सळ्या, वर काथ्या आणि प्लॅस्टर. आधी मातीत घडवायचा, मग साचा, मग ओतायचा. चेहरा बाबांनी केला. पाय, पाठ भराभर झाली. अडलं ते हातांपाशी. दामले साहेबांच्या चित्रात हाताला चारच बोटं होती. करंगळीचं काम उरणार नाही, म्हणून ती गेलेली. बाबांनी मातीत तसा हात केला आणि फडकं बाजूला करून तात्यांना दाखवला. तात्यांनी तो बघितला आणि तोंड असं केलं की जणू ताटात झुरळ निघालं.

"हे खंडित आहे."

"अहो तात्या, खंडित नाही. त्यांच्या शास्त्राप्रमाणे ते बोट झिजून जाणार."

"जाऊ दे झिजून. झिजल्यावर मी बघायला नसेन. पण माझ्या कारखान्यातून बोट कमी असलेलं अंग बाहेर गेलेलं नाही, आणि जाणार नाही."

"मग काय करू?"

"वाढव."

बाबा बघतच राहिले. तात्या शांतपणे म्हणाले, "उणं चालत नाही आपल्यात, अधिक चालतं. देवाला दोन हात पुरेनात, आपण चार केले. दोनाचे चार झाले तेव्हा कुणी म्हटलं का, व्यंग आहे? याला पुढच्या काळात जास्त कामं असणार, कमी नाही. वैजू, इकडे ये. हाताला तेल लाव."

काय होतंय ते कळायला मला जरा वेळ लागला. हाताच्या प्रतिकृतीसाठी आम्ही नेहमीच घरातल्या कुणाच्या तरी हाताचा साचा काढायचो, पण माझा उजवा हात कधी घेतला नव्हता. मी खोबरेल लावलं, बाबांनी प्लॅस्टर कालवलं आणि माझा हात त्यात मनगटापर्यंत बुडाला. आधी गार लागलं. मग प्लॅस्टर धरायला लागलं, आणि धरताना ते गरम होतं, हे मला माहीत होतं, पण आतून कधी कळलं नव्हतं. सगळ्या बोटांच्या भोवती ऊब वाढत गेली. आतल्या अंधारात कुणीतरी माझा हात हातात घेतलाय असं वाटलं, आणि तो चित्रातलाच होता, हे मला ठाऊक होतं.  आई दारात उभी होती. ती म्हणाली, "तात्या, एवढं कशाला? दसऱ्यानंतर ते बोटच राहायचं नाही." तात्या म्हणाले, "म्हणून तर आत्ता काढतोय साचा."  साचा उकलला तेव्हा मी रडत होते, आणि बाबांना वाटलं चटका बसला.

दामले साहेबांना बोटाचं कुणी कळवलं नाही. तात्या म्हणाले, गिऱ्हाइकाला काय हवंय ते गिऱ्हाइकाला वस्तू पाहिल्यावर कळतं. अस्सल पुणेरी धंदा! बाबांची झोप उडाली होती. मला तर दोन्हीकडून धाकधूक, कारण एकेक दिवस पुतळा पुरा होत होता आणि एकेक दिवस दसरा जवळ येत होता. प्लॅस्टरमध्ये ओतलेला तो हात मी सारखी बघायचे. पुतळ्याच्या डाव्या हाताला साधी पाच बोटं ठेवली होती; उजव्या मनगटाला तो हात जोडल्यावर मी त्याच्या सहाव्या बोटाचं नख माझ्या सहाव्या बोटाने घासून गुळगुळीत केलं. तू तरी राहा, असं त्याला मनातल्या मनात म्हटलं.

पंधरवडा संपला तेव्हा फक्त डोळे राहिले होते. घटस्थापनेच्या सकाळी तात्या अंघोळ करून, नवं धोतर नेसून बसले. देवाचे डोळे कसे लिहायचे ते त्यांच्या हाताला पाठ होतं. भुवईची कमान, कोपऱ्यातली लाली, सगळं ठरलेलं. हा देव नव्हता. ब्रश हातात धरून ते नुसते बसून राहिले. मग त्यांनी सुरुवात केली. बाहेर ट्रक मागे येत होता, "येऊ दे, येऊ दे", आणि आत आम्ही श्वास धरून. शेवटी बुबुळात पांढरा ठिपका दिला आणि तात्या मागे सरकले.

तो बघत होता. दुसरं काय सांगू? आत्तापर्यंत प्लॅस्टर होतं, आता तिथे कुणीतरी उभं होतं, आणि ते आमच्याकडे असं बघत होतं, जसं आपण आजोबांच्या आजोबांचा फोटो सापडल्यावर बघतो. ओळख नाही, पण आपलं आहे. आई चहाचा ट्रे घेऊन आली. तिने समोर पाहिलं, ट्रे तसाच पोत्यावर ठेवला, डोक्यावर पदर घेतला आणि वाकून नमस्कार केला. सवयीने केला. इतक्या वर्षांत आखणी झालेल्या मूर्तीला तिने नेहमी केलाय तसाच.

दामले साहेब जेवणवेळेला आले. दारातच थबकले. मग हळूहळू पुतळ्याभोवती फिरले, बूट बाहेर काढून आले होते हे मला आठवतंय.  मग त्यांची नजर हातावर गेली. ओठ हलले, मोजत होते.

"तात्या, अप्रतिम आहे. पण हाताचं... चित्रात चार होती ना?"

"होती."

"ही सहा आहेत."

"आहेत."

बाबा मध्ये पडले, चूक झाली, कायदा असा आहे, वगैरे सगळं एका दमात सांगून मोकळे झाले. दामले साहेबांनी ऐकून घेतलं. चांगला माणूस होता, चिडला नाही. म्हणाला, "कमी नको तुमच्यात, समजलो. पाच राहू द्यात. पण हे शेवटचं एक काढता येईल का? लोक विचारतील, मला शास्त्रात उत्तर द्यावं लागेल."

बाबांना हायसं वाटलं. "त्यात काय, आत्ता काढतो," म्हणाले आणि भिंतीवरची करवत घेतली.  तात्या आईकडे बघत होते. बाबांनी डाव्या हाताने पुतळ्याचं मनगट धरलं, करवतीचे दात सहाव्या बोटाच्या मुळाशी टेकवले. माझा हात ओढणीत होता आणि मी तो घट्ट आवळला.

"अहो, थांबा!" आई ओरडली. "डोळे उघडलेत त्याचे. डोळे उघडल्यावर हत्यार लावायचं नाही."

बाबांचा हात जागच्या जागी थांबला. असं बोलायला आईला विचार करावा लागला नव्हता. गरम तव्यावरून हात मागे यावा, तसं ते वाक्य आलं होतं. आणि मग ते तिचं तिलाच ऐकू आलं. ती वळली आणि तिने माझ्याकडे बघितलं. तसं तिने त्याआधी कधी बघितलं नव्हतं, हाताकडे बघायची, पदराकडे बघायची, पण अशी थेट डोळ्यांत नाही. मी चौदा वर्षं तिच्याकडे उघड्या डोळ्यांनी बघत होते. तिचा चेहरा वाकडातिकडा झाला. ती माझ्याजवळ आली, ओढणीतून माझा हात बाहेर ओढला आणि सगळ्यांसमोर, परक्या माणसासमोर, दोन्ही हातांत धरून उभी राहिली.

"फोन करा त्या डॉक्टरांना," ती बाबांना म्हणाली. "येत नाही म्हणावं."

दामले साहेबांनी माझा हात पाहिला, पुतळ्याचा पाहिला, आणि मटकन शाडूच्या पोत्यावर बसले. मग म्हणाले, "तुला माहितीये, पाण्यातून पहिल्यांदा जे प्राणी वर आले ना, त्यांच्यात कुणाला सात बोटं होती, कुणाला आठ. पाच नंतर ठरली." मी विचारलं, म्हणजे माझं बोट मागून आलंय की पुढून?  "मला नाही माहीत," म्हणाले. शिकलेल्या माणसाच्या तोंडून ते तीन शब्द मी पहिल्यांदा ऐकले आणि मला ते फार आवडले. आईने चहा परत गरम करून आणला. पुतळा सहा बोटांनिशी गेला.

त्यानंतर माझं काय झालं, लग्न जमलं की नाही, हे इथे सांगत बसत नाही. न जमण्यासारखं काही नव्हतं एवढं सांगते. तात्या गेले, आई गेली. मागच्या महिन्यात नातवाच्या कामासाठी नगर रस्त्याला गेले होते, तर ती काचेची इमारत दिसली. दामल्यांची कंपनी कधीच दुसरीकडे गेली, आता तिथे मजल्यागणिक वेगळी पाटी आहे, माणसं थोडी आणि यंत्रं जास्त. पण तो पुतळा खाली उभा आहे. आतल्या सळ्या फरशीत गाडलेल्या, न मोडता तो उखडता येईना, म्हणून राहिला म्हणतात. सगळा रंग शाबूत, फक्त सहाव्या बोटाचा गेलाय. आतलं पांढरं प्लॅस्टर कवडीसारखं चकाकतंय. मी बघत होते तेवढ्यात कानात काहीतरी घातलेली एक मुलगी घाईघाईने आली, त्या बोटाला हात लावला, तोच हात छातीला लावला आणि लिफ्टकडे पळाली. पगारवाढीचं अप्रेझल असेल, नाहीतर परदेशचा इंटरव्ह्यू. मग आणखी एक आला.

गर्दी ओसरल्यावर मी जवळ गेले आणि माझा हात त्याच्या हातात दिला. बसेना. त्याची बोटं माझ्या मातीत राबून जाडावलेल्या बोटांत बुडून गेली. लाख वर्षांनंतरचा माणूस, आणि त्याचा हात माझ्यापेक्षा केवढा तरी लहान होता, चौदा वर्षांच्या पोरीचा.  मी म्हातारी त्याची पूर्वज, तो माझं पोर, आणि तरीही ती चौदा वर्षांची मीच.

"ओ आजी," वॉचमन आला, "हात लावू नका हो, आधीच रंग गेलाय त्याचा."

"माझाच हात आहे तो," मी म्हटलं आणि माझा पुढे केला.

त्याने आधी पुतळ्याची बोटं मोजली, मग माझी, मग परत पुतळ्याची. टोपी मागे सरकवली. इकडेतिकडे बघितलं, कुणी नाही असं पाहून माझ्या जवळ सरकला आणि हळूच विचारलं, "आजी, पोरगी दहावीला आहे माझी. ह्याच्या बोटाला हात लावू, का तुमच्या?"

"तिला अभ्यास करायला सांग," मी म्हटलं, आणि हात तसाच धरून ठेवला.